खाचा पाडलेली कार्डं

शिवदास मेश्राम यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या नजरेत विश्वास ठेवला नाही, आणि त्याचाच त्यांना पगार मिळायचा. नागपूरकडच्या एका दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. हाती आलेला माल आधी नापास समजायचा आणि मग तो पास करायला कारण सापडतं का ते बघायचं, अशी त्यांची पद्धत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पद्धत सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा, गॅस सिलिंडरचं सील, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, सगळ्यांकडे ते त्याच डोळ्यांनी बघायचे. त्यांची बायको कमलाबाई म्हणायची, "ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, एवढंच तुम्ही भगवान बुद्धांचं उचललं. मैत्री, करुणा कुठं सांडली?"

कमलाबाई गेली आणि कामठीच्या घरात शिवदास एकटे पडले. मग लेकीने, उल्काने, त्यांना सिंगापूरला आणलं. उल्का एका विद्यापीठात संशोधक. जावई उज्ज्वल जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, कंपनीची बस पकडायला उजाडायच्या आत घराबाहेर पडायचा. यिशुनमधल्या नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर शिवदास, भिंतीवरचे बाबासाहेब आणि फ्रिजची घरघर. पहिले काही आठवडे त्यांनी घरातली सगळी बिलं तपासली, नळाच्या चकत्या बदलल्या, आणि मग तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते लिफ्टने खाली उतरले.

तिथल्या प्रत्येक ब्लॉकचा तळमजला मोकळा असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. खांब, वारा आणि दगडी टेबलं. शेवटच्या टेबलाशी एक चिनी म्हातारा एकटाच बसला होता. समोर हिरवा पुठ्ठा पसरलेला, आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी आखलेलं फुटबॉलचं मैदान.

फुटबॉलवेड्या कामठीच्या माणसाला फुटबॉलचं मैदान ओलांडून पुढे जाता येत नाही. शिवदास तरुणपणी लेफ्ट बॅक खेळले होते, अनवाणी. ते थांबले.

"बस," म्हातारा वर न बघता म्हणाला. "एकट्याने खेळलं की नेहमी मीच जिंकतो. कंटाळा आला."

त्याचं नाव क्वेक बून हॉक. सेंबावांगच्या गोदीत त्याने हिशेबनीस म्हणून जन्म काढला होता. इंग्रजांचं आरमार तिथून निघून गेलं तेव्हा एका अधिकाऱ्याने हा खेळ त्याला देऊन टाकला होता. खोक्याचे कोपरे चिकटपट्टीने सांधलेले. आत इंग्लंडातल्या जुन्या संघांची कार्डं होती, प्रत्येक खेळाडूला एक. वर नाव, जागा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छत्तीस ओळी. एक लाल आणि एक पांढरा फासा टाकायचा, लाल दशकाचा, पांढरा एककाचा, असा पडलेला आकडा कार्डावर शोधायचा, आणि त्या ओळीत त्या खेळाडूचं त्या क्षणाचं नशीब लिहिलेलं असायचं. पास गेला, चेंडू हिसकावला, बाहेर, फाउल, गोल. चांगल्या खेळाडूच्या कार्डावर गोल जास्त, धसमुसळ्याच्या कार्डावर फाउल जास्त.

क्वेक शिकवत होता, म्हणून पहिल्या दिवशी फासे शिवदासांनी टाकले आणि कार्डं क्वेकने वाचली, दोघांचीही. पुढे तीच रीत पडली. शिवदास फासे टाकायचे, मोठ्याने आकडा सांगायचे. क्वेक कार्ड उचलायचा, अंगठा कडेवरून फिरवायचा, क्षणभर डोळ्यांपुढे धरायचा आणि निकाल द्यायचा. भाषा दोघांचीही मोडकी इंग्रजी. एकाची कारखान्यातली, दुसऱ्याची गोदीतली, वाक्याला 'ला'चं शेपूट लावणारी. जुळून गेली. शिवदासांच्या संघात ब्लँचर्ड नावाचा उंच सेंटर फॉरवर्ड होता, क्वेककडे प्रिंगल नावाचा विंगर. दोघंही केव्हाच मातीत गेले असतील, पण यिशुनमध्ये रोज सकाळी धावायचे.

आणि शिवदास रोज हरायचे.

रोज म्हणजे अगदी रोज नाही. पण हरण्याची चव तोंडात राहते आणि जिंकण्याची राहत नाही. महिनाभरात त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

आधी संशय फाशांवर गेला. एकदा क्वेक कॉफी आणायला उठला तेव्हा त्यांनी दोन्ही फासे तळहातावर तोलून बघितले, पाण्याच्या बाटलीत सोडून बघितले. फासे निर्दोष होते. शिवाय ते टाकत होते स्वतः शिवदासच. क्वेक तर फाशांकडे बघतही नसे, मान दुसरीकडे ठेवून "किती?" एवढंच विचारायचा. हा साळसूदपणा शिवदासांना जरा जास्तच वाटला. कारखान्यात जो ठेकेदार माल तपासताना मुद्दाम खिडकीबाहेर बघायचा, त्याचाच माल ते सगळ्यात आधी फोडायचे.

फासे नाहीत, म्हणजे कार्डं.

एका सकाळी त्यांनी ब्लँचर्डचं कार्ड सहज म्हणून उचललं आणि त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खाच होती. मग खाली आणखी एक. त्यांनी दुसरं कार्ड बघितलं. त्यालाही खाचा, पण वेगळ्या जागी. कात्रीने मुद्दाम पाडलेल्या. त्यांनी कार्ड जागेवर ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढचा फासा टाकला. आतून मात्र त्यांना ओळखीचा, जवळजवळ सुखाचा असा गरमपणा जाणवला. माल खोटा निघाला की तपासनिसाला तो जाणवतो.

संध्याकाळी त्यांनी उल्काला सांगितलं, "तो खुणा केलेली पानं खेळतो."

उल्का पोळ्या लाटत होती. तिच्या मनात वेगळाच संशय होता. "बाबा, तुम्ही पैसे तर लावत नाही ना? खाली फासे-पत्ते दिसले की कुणीतरी पोलिसांना फोन करतं इथे. तुम्ही व्हिजिट पासवर आहात."

"मी काय लेकरू आहे का? हरेल त्याने कॉफी आणायची, बस."

"मग खुणा करून त्याला काय मिळतं? कॉफी?"

"तेच तर शोधतोय."

"आणि त्याने घरी बोलावलं तर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून फसवणारे खूप आहेत. लिफ्टपाशी पोस्टर लावलंय, वाचा."

वाचलं होतं त्यांनी. दोनदा.

आता ते क्वेकवर नजर ठेवू लागले. क्वेकने निकाल दिला की समोरून, उलट्या बाजूने, ते त्याच्या कार्डावरची ती ओळ शोधायचा प्रयत्न करायचे. बहुतेक वेळा क्वेक ते पटकन खाली ठेवी. पण एकदा जमलं. क्वेक म्हणाला होता "पास", आणि कार्डावर स्पष्ट होतं, "चेंडू गेला." काही दिवसांनी पुन्हा एकदा. "कॉर्नर" म्हणाला, तिथे काहीच नव्हतं. शिवदास गप्प राहिले. एका नगावरून अख्खा लॉट नापास करता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुरावा साचू द्यायचा.

त्यात ती बाजाराची गोष्ट घडली. शिवदास मासळीच्या गाळ्यासमोर उभे होते आणि क्वेक समोरून आला. हातभर अंतरावर. शिवदासांनी मान हलवली, हसलेसुद्धा. क्वेकने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, म्हणजे जवळजवळ तोंडाकडे, कानाच्या आसपास कुठेतरी, आणि तो तसाच पुढे निघून गेला. शिवदास हातात पिशवी घेऊन उभे राहिले. ज्या माणसाबरोबर रोज सकाळी दोन-दोन सामने खेळायचे, त्याला चारचौघांत आपली ओळखसुद्धा दाखवायची नाही? का, तर आपण काळे म्हणून? परदेशी म्हणून? शिवदासांनी लहानपणी कामठीच्या चहाच्या टपरीवर वेगळा ठेवलेला कप बघितला होता. तो अपमान जुना असला तरी त्याची जागा शरीरात कायम होती. त्या दिवशी ती जागा दुखली.

म्हणून पुढच्या सामन्यात जे झालं ते निव्वळ खेळावरून झालं असं म्हणता येणार नाही.

त्यांनी दोघांनी एक छोटी लीग ठरवली होती आणि हा तिचा शेवटचा सामना होता. बाजूच्या टेबलावर चिनी बुद्धिबळ खेळणारे तिघे-चौघेही मधून मधून डोकावत होते. बरोबरी होती. वेळ संपत आली होती. चेंडू प्रिंगलकडे.

शिवदासांनी फासे टाकले. "लाल चार. पांढरा दोन."

क्वेकने कार्ड उचललं, अंगठा फिरवला, डोळ्यांपुढे धरलं. त्याचा चेहरा उजळला.

"गोल!"

शिवदासांनी हात लांब करून कार्ड त्याच्या बोटांतून ओढून घेतलं. चष्मा वर केला. बेचाळीसची ओळ. त्यांनी कार्ड टेबलावर आपटलं.

"बाहेर लिहिलंय. बाहेर! मिस्टर क्वेक, तू लबाडी करतोस. पहिल्या दिवसापासून करतोस. कार्डांना खुणा आहेत, मी बघितल्यात."

बुद्धिबळाचे मोहरे थांबले. क्वेकचे ओठ हलले, जणू तो मनातल्या मनात काहीतरी म्हणून बघत होता. मग त्याने कार्डं गोळा करायला सुरुवात केली. एक कार्ड हातातून निसटलं आणि खाली पडलं, त्याच्या चपलेला लागून, उताणं. क्वेक वाकला आणि हाताने जमीन चाचपू लागला. डावीकडे चाचपलं, बाकाखाली चाचपलं. कार्ड उजव्या पायापाशी लख्ख उजेडात पडलेलं.

"नाटक," शिवदास मनात म्हणाले. पण मन म्हणावं तसं म्हणेना.

शेवटी क्वेकने शोध सोडला, खोकं काखेत मारलं आणि खांबाला हात लावत शेजारच्या ब्लॉककडे गेला. एक बुद्धिबळवाला शिवदासांकडे बघून मान हलवत राहिला.

शिवदासांनी ते कार्ड उचललं. कुठल्याशा गोलकीपरचं होतं. ते खिशात घालून घरी आले आणि जेवले नाहीत. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून कार्ड हातात घेऊन बसले. तो चाचपणारा हात त्यांना कुठेतरी बघितल्यासारखा वाटत होता, आणि हळूहळू आठवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी कमलाबाई काडेपेटी अशीच शोधायची. ओट्यावर पंजा पसरून, समोर ठेवलेली असताना. आणि विचारलं तर म्हणायची, काही नाही, ओटा पुसतेय.

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा कार्डाच्या कडेवरून फिरवला. वरून एक खाच. मग रिकामी जागा. मग लगोलग दोन. बोटाला त्या अगदी नाव वाचावं तशा लागल्या.

या खुणा समोरच्याला फसवण्यासाठी नव्हत्या. समोरच्याला बोटाने कार्ड ओळखायची गरज नसते.

एकेक गोष्ट मग आपोआप जागेवर जाऊन बसली. फाशांकडे न बघणं. "किती?" विचारणं. बाजारात कानाकडे बघून निघून जाणं. एवढ्या बारकाईने तपास केलेल्या माणसाला हे सगळं समोर दिसत होतं, आणि त्याने त्यातून बरोबर उलटा निष्कर्ष काढला होता.

तरी स्वभाव तो स्वभाव. माफी मागायच्या आधी त्यांना खात्री हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वेक टेबलाशी आला नाही. शिवदास त्याला शोधत ब्लॉकपलीकडच्या कॉफीशॉपमध्ये गेले. तो कोपऱ्यात पंख्याखाली बसला होता. शिवदास थेट त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि काहीही बोलले नाहीत. ही परीक्षा जरा निर्दयीच होती, हे त्यांनाही कळत होतं. पण ते उभे राहिले.

क्वेकने मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं, त्याच त्या कानापाशी.

"कोपी-ओ," तो म्हणाला. "साखर कमी, ला."

शिवदास वळले. काउंटरवर जाऊन रांगेत उभे राहिले, दुधाशिवायची काळी कॉफी घेतली, साखर कमी सांगितली, आणि कप त्याच्यासमोर आणून ठेवला.

"मिस्टर क्वेक," ते म्हणाले.

क्वेकचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"म्हणजे कळलं तुला," तो म्हणाला.

"किती दिवसांपासून?"

"मधोमध काळा डाग आहे. दोन्हीकडे. बाजूबाजूचं दिसतं, म्हणून चालता येतं. मधलं नाही. तोंडं नाहीत, अक्षरं नाहीत." त्याने खांदे उडवले. "कार्डं मला पाठ आहेत. पन्नास वर्षं वाचतोय. एकेक ओळ पाठ आहे. कुठलं कार्ड हातात आहे ते कळलं की झालं. म्हणून खाचा."

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलो की मुलीला कळतं. ऑस्ट्रेलियात, पर्थला असते. तिला कळलं की मी नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्यांच्या आश्रमात." त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "शिव, एक सांग. खरं सांग. तिथे गोल नव्हता?"

"नव्हता. बाहेर होता."

"नक्की?"

"नक्की."

लबाड म्हटलं तेव्हा क्वेकचा चेहरा एवढा पडला नव्हता. "म्हणजे डोळे गेले ते गेले," तो हळूच म्हणाला, "आता पाठसुद्धा चाललंय."

शिवदास तोंडातल्या तोंडात म्हणाले, "तू मुद्दाम केलं नाहीस, हे आता कळलं मला. पण चुका झाल्या. सगळ्या तुझ्या बाजूने झाल्या."

"सगळ्या माझ्या बाजूने?" क्वेकने मान वर केली. "तुझ्या कार्डांवरच्या तपासल्यास?"

शिवदास "हो" म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण फक्त क्वेकचीच कार्डं उलटी वाचत होतो. मागच्या आठवड्यात ब्लँचर्डने दोन हेडर घातले होते तेव्हा आपण टेबलावर थाप मारून ओरडलो होतो. त्या ओळी काही आपण बघितल्या नाहीत. कुठल्याच बघितल्या नाहीत. आपल्या फायद्याचा मालही तपासायचा असतो, हे तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानातून सुटलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या नाही तपासल्या."

क्वेक मोठ्याने हसला. आजूबाजूचे वळून बघू लागले. "मग तूच लबाड, ला!"

शिवदास हसले नाहीत. पण त्यांनी स्वतःसाठीही कॉफी आणली आणि त्याच्या समोर बसले.

डोळ्याच्या दवाखान्यात जायला क्वेक तयार व्हायला पुढे बरेच दिवस लागले. उल्काने दवाखाना शोधून दिला, वेळ घेतली, पण बापाला बजावलं, "परक्या माणसाच्या घरच्या भानगडीत फार आत जाऊ नका, बाबा." शिवदास बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डावा डोळा आता परत येत नाही. उजव्यात इंजेक्शनं देत राहिलो तर आहे तेवढं टिकेल. आणि घरच्यांना कळवायला हवं.

घरच्यांना कळवायचं यावरून दोघांचं भांडण झालं. क्वेक म्हणाला, "तू तिला चोरून फोन करणार. मला माहीत आहे." शिवदास म्हणाले, "चोरून करणार नाही, तुझ्यासमोर करीन." आणि केला. क्वेक त्या दिवशी त्यांना दारापर्यंत सोडायला आला नाही.

मुलगी आली. सुझन नाव, पन्नाशीची, विमानातून उतरून सरळ घरी. तिने दार उघडलं तेव्हा शिवदास स्वयंपाकघरात होते. क्वेकला सोसेल अशी फिकी खिचडी करत होते. येणं-जाणं सोपं पडावं म्हणून क्वेकने दिलेली जादा किल्ली त्यांच्या खिशात होती. सुझनने आधी खिचडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग खिशातून लोंबणाऱ्या किल्लीच्या दोरीकडे.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं. आवाज अगदी सभ्य होता.

"मी खाली राहतो. म्हणजे, शेजारच्या ब्लॉकमध्ये. आम्ही खेळतो."

"काय खेळता?"

"फुटबॉल."

ती त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. "आणि किल्ली?"

"त्याने दिली."

"डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाने तुम्हाला घराची किल्ली दिली," ती म्हणाली. "आणि तुमचा पास किती दिवसांचा आहे?"

ही नजर शिवदासांच्या ओळखीची होती. आयुष्यभर ती त्यांच्या स्वतःच्या चष्म्यामागे होती. आधी नापास समजायचं, मग पास करायला कारण शोधायचं. पण तिच्या समोरच्या बाजूला उभं राहायची वेळ आजवर आली नव्हती. आपण खरं बोलतो आहोत तरी आपले हात कुठे ठेवावेत कळत नाही, हे त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "तू विचारतेस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही हेच विचारलं असतं. माझी मुलगी सहा वाजता घरी येते. तिला येऊन भेट. काय विचारायचं ते सगळं विचार."

सुझन खरंच गेली. उल्का आणि ती जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या, दोघीही एकमेकींच्या बापाकडे संशयाने बघणाऱ्या. पहिली घटकाभर चहा गार होत राहिला. मग उल्का म्हणाली, "खरं सांगू? तुमचे वडील माझ्या बाबांना लुबाडतील असं मला वाटत होतं." सुझनने कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून फ्लॅट लाटताय." आणि दोघींनाही इतकं हसू आलं की आतून उज्ज्वल काय झालं बघायला बाहेर आला.

सुझन महिनाभर राहिली. गॅसची शेगडी काढून विजेची आणली, दिवसा सोबतीला एक बाई ठेवली, इंजेक्शनांच्या तारखा लावून दिल्या. नर्सिंग होमचं नाव तिने काढलंच नाही. कदाचित तिने ते आधीही कधी काढलं नसावं; क्वेकने ती भीती स्वतःच वाढवलेली असावी. जाताना ती शिवदासांकडे आली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

आता कार्डं शिवदास वाचतात. सगळी, दोन्ही संघांची. लोक म्हणतील, चला, भांडण मिटलं. मिटलं कसलं? उलट बाजूने सुरू झालं.

परवाचीच गोष्ट. क्वेक एका गोलाने मागे होता, चेंडू त्याच्या सेंटर हाफकडे. एकदम धसमुसळा गडी, अख्ख्या कार्डावर गोलाची एकच ओळ. शिवदासांनी फासे टाकले, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"गोल," ते जड आवाजात म्हणाले.

"खोटं," क्वेक म्हणाला.

"काहून खोटं? लिहिलंय!"

"तो गोल करत नाही. मी पन्नास वर्षं ओळखतो त्याला. तू माझी दया करतोस. आंधळा म्हणून गोल देतोस. मला नको असला गोल."

"मी दया करतो? मी?" शिवदासांचा आवाज चढला. "माझ्या घरी विचार, मी कधी कुणाची दया केली का!"

"मग दुसऱ्याकडून वाचून घे."

शिवदास तणतणत उठले. खरेदीच्या ढकलगाडीसकट एक मलाय बाई लिफ्टकडे निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं, कार्ड तिच्यासमोर धरलं, ओळीवर बोट ठेवलं. तिने बिचारीने पर्समधून चष्मा काढला.

"गोल," तिने वाचलं. "का? कुणी जिंकलं का?"

"बरोबरी," क्वेक म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. मग तो पुन्हा सावध झाला, आणि त्याने मान शिवदासांच्या दिशेने, साधारण कानाच्या रोखाने वळवली.

"ही बाई तुझ्या ओळखीची तर नाही ना?"

शिवदासांनी फासे उचलले, वाटीसारख्या तळहातात खुळखुळवले आणि टाकले.